हा नव्हे

वाईटाची नजर चुकावी म्हणून
त्याचं नाव ठेवलं होतं एनेबिश.
म्हणजे, ‘हा नव्हे’.
आधीची दोन गेली होती; तिसऱ्याच्या वेळी
आईबापांनी दारातच खोटं सांगून ठेवलं:
तुम्ही शोधताय तो हा नव्हे.

दुखण्याला नावं वाचता येत नाहीत.

सहा वर्षांचा. दिवस पाचवा.
गोठलेल्या नदीवरून एकशेऐंशी किलोमीटर,
जीपच्या मागच्या सीटवर, मेंढीच्या कातड्यात,
गुडघे पोटाशी घेऊन.
आधी वाटलं, दूध बाधलं.
मग ओकाऱ्या. मग एका रात्री कळ अचानक थांबली
आणि सगळे निर्धास्त झोपले.
फुटलं की थोडा वेळ बरं वाटतं,
हे त्यांना कुणी सांगावं?

मुरेनच्या इस्पितळात त्या रात्री
हीटर दोन आणि सर्जन एक. मी.
सोनोग्राफीच्या राखाडी पडद्यावर
उजव्या कुशीत लिंबाएवढा पू,
भोवती आतडी एकमेकांना चिकटून,
थंडीत कळप चिकटतो तशी.

माझे गुरू म्हणायचे: पू दिसला की उघड.
त्यांचा हात चांगला होता.
त्यांनी उघडलेली पोटं मी शिवली आहेत:
भिजल्या कागदासारखी आतडी, बोट लागलं की फाटणारी.
अपेंडिक्स शोधायला गेलो
आणि वीतभर आतडं कापून परतलो.
काही पोरं त्यानंच वाचली, हेही खरं.

छुल्तेम, त्याचा बाप, विचारत होता:
कापणार ना?
पाच दिवसांचा उशीर त्याला
एका सुरीत भरून काढायचा होता.

मी म्हटलं, आत्ता नव्हे.

कागदावर चित्र काढून पाहिलं, जमेना.
शेवटी म्हटलं: मेंढी सोलताना
आत चरबीची जाळी लागते ना,
जिच्यात तुम्ही काळीज गुंडाळून भाजता?
याच्या पोटातली ती आपणहून सरकत आलीय,
फुटक्या जागेला पांघरून बसलीय.
आज ओढली तर घाण पोटभर होईल.
सुईनं पू काढू, नळी ठेवू, शिरेतून औषध.
ताप नाही उतरला, तर सुरी आहेच.
तो गप्प झाला. त्या जाळीबद्दल
त्याला माझ्याहून जास्त माहीत होतं.

पहिल्या दिवशी नळीतून वाटीभर.
दुसऱ्या दिवशी ताप एकोणचाळीस.
तिसऱ्या दिवशी एकोणचाळीस.
ऑपरेशनची खोली मी दोनदा तापवायला लावली,
दोनदा थंड होऊ दिली.
दुखणं येतं घोडा फेकत,
जातं ते मेंढरं चारत चारत.
चौथ्या पहाटे पोरानं
वाळवलेलं दही मागितलं.

आठ आठवड्यांनी या, राहिलेलं काढून टाकू.
नाही काढलं तर?
कदाचित काही नाही. कदाचित पुन्हा हेच.
हे वाक्य कुठल्याच भाषेत धीर देत नाही.

आठ आठवडे उलटले. मेंढ्या विण्याचे दिवस,
कोण येतंय!
जूनच्या शेवटी फाटकात एक मोटरसायकल,
बापाच्या पाठीला पट्ट्यानं बांधलेला एनेबिश.

तीन बारीक छिद्रं, दुर्बीण, चाळीस मिनिटं.
निघालं ते वाळक्या दोऱ्याएवढं.
छुल्तेमनं बशीत पाहिलं: यासाठी?
मी उत्तर दिलं नाही. मलाही पक्कं ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी पोर शुद्धीवर आलं, मान उचलून
बशीकडे बघत म्हणालं, हे कुणाचं?

बाप घाईघाईनं म्हणाला:
तुझं नव्हे.