पंगतीला दिसेल असा

धरणगावच्या लग्नात तिसऱ्या पंगतीला बसलो,
मी, माझा लोकेश, आणि समोरच्या ओळीत
सुपडूआप्पा, अख्ख्या भाऊबंदकीचे आप्पा.
बट्ट्या वाढून झाल्या होत्या, तूप फिरत होतं.
वरणाची बादली घेऊन आलेला पोरगा
असेल पंधरा-सोळाचा, सातपुड्याकडचा,
केटररचा टी-शर्ट त्याला गुडघ्यापर्यंत.
त्याच्या हातून डावभर वरण
आप्पांच्या धोतरावर सांडलं.

आप्पा जे बोलले ते मी इथे लिहीत नाही.
त्याच्या आईपर्यंत गेले, एवढं पुरे.

पंगत बट्टी कुस्करत राहिली.
आणि लोकेश, वय वर्षं आठ,
तोंडात घास तसाच ठेवून बोलला
(गिळून बोलावं, हे हजारदा सांगितलंय):
"आप्पा, मोठ्या मुलांना दादा म्हणायचं असतं."

मांडवामागच्या जनरेटरचा आवाज तेवढा उरला.
मग आप्पा. त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघून:
"काई शिकाडं नही का व पोरले?"

शिकवलं होतं की.
नेमकं तेच तर शिकवलं होतं.
दूधवाल्याला दादा, झाडणाऱ्या बाईंना मावशी.
आप्पांसाठीचा वेगळा धडा
घ्यायचा राहून गेला.

मी डाव्या हाताने लोकेशच्या मांडीला चिमटा घेतला.
हळू घेतला असता तरी तो गप्प बसला असता.
पण तो पंगतीला दिसायला हवा होता,
शेजारच्या दोन्ही जावांना,
पलीकडच्या चोपड्याच्या विहिणीला,
हात धुवायच्या नळाशी उभ्या बायकांना,
दिसेल असा, पीळ देऊन.
दिसला. बायकांनी माना डोलावल्या.
आप्पांनी बट्टीवर आणखी तूप मागून घेतलं.

तो रडला नाही. पानातलं सगळं संपवलं.
पानात टाकू नये, हेही माझंच.

मी पतसंस्थेत कॅशियर. त्याचा बाप सुरतला.
पाढे घडाघडा म्हणतो तेव्हा तो पाटलांचं रक्त,
पाहुण्यांसमोर हट्ट करतो तेव्हा आईचं वळण.
बोलला तर आगाऊ.
गप्प बसला तर, "मारस का काय व त्याले?"

अमळनेरच्या बसमध्ये कंडक्टरने
माझं अर्धं फाडलं, त्याचं अर्धं फाडलं.
दोघं मिळून एक माणूस, खिडकीशी.
बऱ्याच वेळाने त्याने विचारलं,
"मग त्याला काय म्हणायचं असतं?"
बाहेर वेचणीला आलेली कपाशी,
मैलभर तेच ते पांढरं.
म्हटलं, "दादाच."
"मग?"

मग काही नाही. स्टँड आला.

रात्री कपडे बदलताना दिसला डाग,
जांभळा, रुपयाएवढा.
खोबरेल लावलं. सॉरी म्हणाले.
त्याने ऐकलं की नाही कोण जाणे,
तो माझ्या फोनवर गेम शोधत होता,
आणि फोन काढून घेतल्यावर
त्याने दप्तराला सणसणीत लाथ घातली.
तोही काही संत नाही.

सकाळी कोकिळाताईंची वाटी परत द्यायची होती.
शेवभाजी दिली होती त्यांनी रात्री,
आणि वर चार शब्द, दारातच उभं राहून:
पोरगं हाताबाहेर जाण्याआधी बघ बाई.
लग्नातली गोष्ट आमच्या बसच्या आधी
गल्लीत उतरली होती.

शेजाऱ्याची वाटी रिकामी देऊ नये.
मी साखरेचा डबा काढेपर्यंत
हा वाटी घेऊन गेलाही, आणि आलाही.
"काय घातलंस रे वाटीत?"
"दोन गोट्या. आणि खोडरबर, नवा."

भिंतीपलीकडे काहीतरी खणखणलं.
कोकिळाताई कुणाला तरी हाक मारत होत्या,
"इकडे ये व, हे बघ काय दिलंय."
संध्याकाळपर्यंत हे गल्लीभर होईल,
कोणत्या नावाने, ते त्यांचं त्या ठरवतील.

मी साखरेचा डबा परत फळीवर ठेवला.