साचा की छाप

चौथ्यांदा जेल कोरी.
अतिनील दिव्याखाली मापाची शिडी तेवढी उजळते
एका कडेला, पायरी पायरीनं;
बाकीच्या घरांत काळोख.
बेहरोझ मॅडम म्हणाल्या, एन्झाइम बदलून बघ,
मॅग्नेशियम थोडं वाढव, दोन अंश खाली ये.
सगळं केलं.
परळच्या त्या खोलीत एसी असा की बोटं बधिर,
आणि शिवडीहून आलेला नमुना चारशे सतरा
बर्फाच्या डब्यात बसून.
नाव मला सांगत नाहीत. वय एकोणीस, एवढंच.

प्रायमर मीच आखला होता.
त्याआधी तेरा जंतूंच्या ओळी एकाखाली एक मांडल्या,
जुळलं तिथं उभी रेघ,
अक्षर गळालं तिथं आडवी.
फट पाडली की दंड,
तीच फट लांबवली तर जरा कमी दंड.
मग सगळ्या तेरांत न हललेला एक तुकडा निवडला:
वीस अक्षरं, जी-सी बरोबर निम्मी.
ए-टीचे दोन दोन, जी-सीचे चार चार,
बेरीज साठ अंश.
स्वतःवर दुमडणार नाही, जोडीदाराला चिकटणार नाही,
थुंकीत मिसळलेल्या माणसाच्या
तीन अब्ज अक्षरांत कुठं चुकून टेकणार नाही.
सगळं तपासलं होतं.
सगळं, असं मला वाटत होतं.

काळाचौकीला, नव्या टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर,
वीजबिलाच्या पाठीवर मी पुन्हा दोन्ही धागे काढत होते.
बाबा भिंग घेऊन आले.
चौतीस वर्षं ठाकुरद्वारच्या प्रेसमध्ये जुळारी;
प्रेस बंद झाली तेव्हा खिळे भंगारात वजनावर गेले,
यांनी एक 'ळ' खिशात टाकला,
तो अजून चष्म्याच्या डबीत असतो.

आडव्या रेघा बघून म्हणाले, कोरे खिळे ना हे?
घातल्याशिवाय ओळ बसत नाही,
फार घातले की मजकूर दातपडका दिसतो.

मग खालच्या ओळीवर बोट.
"हे मला वाचता येत नाही.
पण सांग, हा साचा की छाप?"

म्हणजे?

"साचा असेल तर उजवीकडून लागतो.
तू अक्षरं बदललीस,
ओळ फिरवलीच नाहीस."

वर: टी सी ए ए सी जी.
खाली माझ्या हातचं: ए जी टी टी जी सी.
जोड्या सगळ्या बरोबर. ए समोर टी, सी समोर जी.
पण समोरचा धागा उलटा चालतो
हे पहिल्या वर्षाला शिकवतात,
मी स्वतः मुलांना शिकवते,
फळ्यावर बाण काढून.
मागवायला हवं होतं सी जी टी टी जी ए.
महिनाभर मी एका ओळीला
चुकीच्या टोकानं हाक मारत होते.

बाबांना आनंद झाला नाही, आश्चर्यही नाही.
म्हणाले, आमच्याकडे 'दिन'चा 'दीन' व्हायचा
एका वेलांटीपायी,
आणि मालक पगार कापायचा.
चहा टाकतेस का?

नवा प्रायमर आठवड्यानं आला, बुडाशी न दिसणारा
पांढुरका डाग, त्यात पाणी घातलं.
तीस फेऱ्या. वितळ, बैस, वाढ.
दोनाचे चार, चाराचे आठ,
मशीन मधमाशीसारखं गुणगुणत होतं
आणि मी डबा खाल्ला नाही.

पट्टी दिसली. एकच, नेमक्या उंचीवर.
बेहरोझ मॅडमनी काही न बोलता
माझ्या टेबलावर मावा केक ठेवला.

पुढच्या मंगळवारी वाचन आलं.
औषध ज्या जागी पकडतं तिथं
मूळ ओळीत सी,
चारशे सतरामध्ये टी.
तीनदा पाहिलं. दोन्ही दिशांनी.
अहवालात लिहिलं: या गोळीचा उपयोग होणार नाही.
पुढं एक ओळ जागा सोडली,
मग तीही भरली, दुसऱ्या औषधांच्या नावांनी.

घरी पोचले तर बाबा जागे.
"जुळलं?"
जुळलं. एक अक्षर सोडून.
"कुठलं?"
म्हणत ते अंधारात भिंग चाचपू लागले.