दोन कळांच्या मधे

केमी नदीवरच्या धरणाच्या चौकीत
बुधवारी नवं यंत्र बसवलं, आणि ते उठेना.
पडद्यावर एकच ओळ:
यादृच्छिकतेची वाट पाहत आहे.

बाहेर उणे एकतीस.
पाणी बर्फाखाली, वारा पडलेला.
यंत्राला ना फिरती तबकडी, ना माउस,
ना तारेवर कुणाची चाहूल.
जिथे काहीच घडत नाही
तिथे अनपेक्षित ते काय घडणार?

ओउलूहून इर्मेली फोनवर म्हणाली,
"ओइवा, कीबोर्ड जोडा आणि काहीही टाइप करा."
"काहीही म्हणजे काय?"
"काहीही म्हणजे काहीही."

चाळीस वर्षं त्याला नेमकंच सांगितलं गेलं होतं.
अमुक दार, इतकं वर, या वेळेला.
त्यानं एक हातमोजा दातांनी ओढून काढला
आणि आपली कुत्री लिहायला घेतली.
रेक्कू. तेस्सू. पिल्वी.
मग बोट हवेतच राहिलं.
चौथं ऑक्टोबरच्या कोवळ्या बर्फावर धावलं होतं,
पलीकडच्या काठावर ससा होता म्हणून.
मग एक अक्षर. मग चुकून शेजारचं.

खरं सांगायचं तर
कर्नलला कुत्र्यांचं काही नाही.
अक्षरंही ते घुसळतं,
पण जमेस धरतं तो मधला वेळ:
एका कळेपासून दुसऱ्या कळेपर्यंत,
आणि त्यातलंही अगदी शेवटचं टोक,
जे ओइवाला ठाऊक नव्हतं
आणि ओइवावर पाळत ठेवणाऱ्यालाही कळलं नसतं.
भारी चिक्कू. एवढ्या मोठ्या थबकण्याचे
लावले असतील फार तर दहा-अकरा बिट.

दोनशे छप्पन्न भरले
आणि यंत्र उठलं, काही झालंच नव्हतं असं.
आता ते कुणाकडे मागणार नाही.
त्या मुठीवर हव्या तेवढ्या किल्ल्या पाडील,
आणि प्रत्येक देण्यानंतर
आपलीच पावलं पुसत जाईल,
उद्या चोर आत शिरला तरी
त्याला कालपर्यंत मागे चालत जाता येऊ नये.

"रोज येऊन बडवायचं का हे?"
"नाही हो. बंद होताना ते थोडं बाजूला काढून ठेवतं,
पुढच्या वेळेसाठी."
"म्हणजे वीलीसारखं."
खिडकीत त्याची वाटी होतीच झाकलेली,
तळाशी चमचाभर, उद्याच्या दुधाला.
(आपण विरजण म्हणतो.)

इर्मेली हसली, मग हसली नाही.
एका विरजणाचं दही दहा घरी लागलं
तर शेजारधर्म झाला.
गेल्या साली कारखान्यातून शंभर यंत्रं आली होती,
एकाच वाटीतून लावलेली,
शंभरही जागी झाली ती हातात एकच किल्ली घेऊन.
तिनं ती रात्र कुणाला सांगितलेली नाही.
"तो चमचा एकदाच वापरायचा," एवढंच म्हणाली,
"उठल्या उठल्या नवा काढून ठेवायचा."

खाली दार कुरकुरलं, वीतभर उचललं गेलं,
कुणीही न पाहिलेल्या किल्लीच्या हुकमावर.
काळं पाणी सुटलं.

"मी लिहिलं ते आत आहे का?"

तिला उत्तर जुळवायला वेळ लागला.
"आहे. पण काढता येणार नाही.
कुणालाच. मलाही."

"बरं आहे," ओइवा म्हणाला
आणि हातमोजा चढवला.