रकाना : इतर

कंधारच्या जनावरांच्या दवाखान्यात मी व्रणोपचारक.
बैलांचे खांदे, शेळ्यांचे खूर,
एवढंच येतं मला.
जाकीरनं टॉवेलात घोयरा आणला,
मागचा पाय चिरडलेला, अंग कोळशासारखं.
"फेक की रे, फुंकर विषारी असती त्याची!"
गयाबाई शेळीसकट मागं सरली.

वाटीतलं पाणी त्यानं पाहिलंही नाही.
दोन दिवस. डोळे खोल गेले.
तिसऱ्या दिवशी सलाईनच्या रिकाम्या बाटलीत
माठातलं पाणी भरून खिडकीत टांगली,
नळी सोडली कडुनिंबाच्या डहाळीवर.
थेंब.
थेंब.
पान हललं, तशी त्याची मान वर झाली.

मग शिकत गेलो.
धरायचं नाही, बोट पुढं करून थांबायचं;
चढेल तेव्हा चढेल.
कोवळं ऊन द्यायचं, पण सावली त्याच्या आवाक्यात ठेवायची.
जाकीर काडेपेटीतून नाकतोडे आणायचा,
बांधावरचे. फवारलेल्या कापसातले नाहीत.

रात्री निजला की फिका पडायचा,
धुऊन धुऊन विरलेल्या धोतरासारखा.
लोक म्हणतात, रंग बदलतो.
मला वाटतं, त्याला लपवताच येत नाही.

एकोणिसाव्या दिवशी हिरवा झाला.
आवारातल्या बाभळीवर सोडला.
लंगडत, झुलत,
एक डोळा माझ्यावर, एक पुढं,
कुंपण ओलांडून गेला.

रजिस्टरात गाय, म्हैस, शेळी, कोंबडी.
'इतर'खाली मी एक लिहिला.
साहेब विचारतात, इतर म्हणजे कोण?
बाटली खिडकीतच आहे.
काढायची राहिली.