टेपचं दुसरं टोक

अकरा वर्षांनी हॅल्वरचा फोन आला.
कसा आहेस नाही, काही नाही.
म्हणाला, "टेप धरायला माणूस हवाय."

रोझो गावात फेब्रुवारीत उणे अठ्ठावीस असतं.
रात्रभर एका जागी उभे राहून टायर चपटे झालेले,
पहिला मैलभर गाडी दगडावरून चालल्यासारखी.
त्याच्या गॅरेजचं दार वीतभर उघडं,
खालून रॉकेलच्या हीटरचा वास.

आत सांगाडा.
दोन बाय चारच्या चौकोनी नळ्या,
लेव्हल केलेल्या गर्डरवर आडव्या,
मागच्या बाजूला कापून आठ इंच वर उचललेल्या,
म्हणजे गाडी अशी बसेल
की पोट रस्त्याला टेकलंय असं वाटावं
आणि टेकू नये.
पुढचा आडवा त्याने तीनदा कापला होता.
चुकलेले दोन कोपऱ्यात उभे.
टाकून देत नाही तो काही.

बॉडी बाहेर, बर्फाखाली:
एकतीस सालची कूपे, बापाच्या कुरणातली,
जिच्या पोटातून मेपल उगवला होता.
तिला दारं नाहीत.
दारं मी विकली,
फार्गोच्या एका माणसाला, दोनशे डॉलरला,
हॅल्वरला न विचारता.
हिशेब केला तर
एका दाराला साडेपाच वर्षं.

"एकट्याने करून पाहिलं," तो नळीशी बोलल्यासारखा म्हणाला.
चुंबकाने टेप चिकटवली, सुटली.
विटेखाली दाबली, सरकली.
कुत्र्याला टेपवर बसवलं,
ते उठून गेलं.
लांबी एकट्याला मापता येते. रुंदीसुद्धा.
कर्ण नाही येत.

मग मी मागच्या डाव्या कोपऱ्यात वाकलो,
पंचाच्या ठिपक्यावर नख रोवून.
तो पुढच्या उजव्याला.
मधे पोलादी पट्टी ताणलेली, किंचित थरथरणारी.
तो आकडा ओरडून सांगायचा,
मी ओरडून परत म्हणायचो.
स्नोमोबिलच्या कारखान्यात तीस वर्षं ग्राइंडर चालवून
त्याचा डावा कान गेलाय,
आणि माझी बाजू नेमकी डावी.

तीन सुतांचा फरक आला.

तो बसला. उलट्या बादलीवर.
काल रात्री उजवी बाजू एका दमात वेल्ड केली, म्हणाला,
डावीकडे जायला हवं होतं मधेच,
इकडे एक टाका, तिकडे एक,
पण थंडी होती, आणि हात चालत होता.
"लोखंड तापताना फार ओढत नाही.
निवताना ओढतं.
तू झोपलेला असतोस तेव्हा."
मी काही बोललो नाही.
थर्मासमधली कॉफी त्याने झाकणात ओतली,
स्वतःला बाटलीतच ठेवली.

मग ग्राइंडर. दोन टाके कापले,
ठिणग्या माझ्या बुटांवर येऊन विझल्या.
कोपऱ्यात साखळी बांधली, तिरपा जॅक लावला,
पाव फेरी, थांब, पाव फेरी.
पोलाद एकदाच कण्हलं,
म्हाताऱ्याने खुर्चीतून उठावं तसं.

पुन्हा टेप. पुन्हा नख.
एक कर्ण. दुसरा कर्ण.
आमचं सूत जुळलं असं कोणी म्हणू नये,
अर्ध्या सुताचा फरक राहिलाच.
"चालेल," हॅल्वर म्हणाला.
त्याच्या तोंडून हा शब्द मी आधी ऐकला नव्हता.

तो चष्मा शोधायला गेला, मग पेन्सिल,
मग जमिनीवर खडूने आकडा लिहायला,
तीन जुने आकडे खोडून.
सोड म्हणायचं विसरला.
हीटर गुरगुरत होता. बाहेर कोणीतरी
फावड्याने बर्फ ओढत होतं.
अंगठा बधिर होईपर्यंत
मी टोक धरून होतो.

"फार्गोच्या त्या माणसाचं नाव काय?"
त्याने पाठमोरंच विचारलं.