झाकली मूठ

लोरेनमध्ये मार्च म्हणजे
सरोवरावर अजून बर्फाचे तुकडे एकमेकांना ढकलत असतात
आणि बर्नी कोवालिक माझ्या किचनच्या दारात उभा,
हिरवी वही घेऊन.

पोलाद कारखाना बंद झाला त्या दिवशी
त्याने उचलून आणलेली ती हजेरीची वही.
कामगारांच्या जागी आता खेळाडू:
नाव, वय, गेल्या वर्षीची कमाई,
शेवटच्या रकान्यात पेन्सिलीने बर्नीचं मत.

"पहिल्या बेसवर हॅस्केल. चौतिसावं लागलं.
गुडघे बोलतात त्याचे, मी ऐकलेत.
पण चेंडू अजून इतका लांब मारतो
की पळावंच लागत नाही.
शॉर्टस्टॉपला नवा पोरगा, यादिएल, एकोणिसाचा.
चेंडूलाच जणू त्याच्या हातात घरी जायचं असतं.
कॅचरचं विचारू नकोस."
मी विचारलं नव्हतं.

न्हावी एफ्राईन म्हणतो, निम्मे सामने तरी मारू.
बेकरीतली डोलोरेस म्हणते,
गेल्या वर्षी शेवटून दुसरे होतो,
घसरायला आता एकच पायरी उरलीय.
सगळ्यांचं गणित येऊन थांबतं
एका माणसाच्या उजव्या हातावर.
प्रूइट असला तर पंचावन्न विजय.
प्रूइट नसला तर
बर्नी पेन्सिलीचं टोक चाटतो
आणि रकाना कोरा सोडतो.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, शेवटच्या पाळीला,
प्रूइट माझ्या मशीनमध्ये झोपला होता.
सहा फूट चार इंच. पाय बाहेर,
मोजे दोन वेगळ्या जोडांतले.
हलू नका म्हटलं, तो हलला नाही.
फक्त एकदा, आतल्या ठोक्यांच्या गोंगाटातून, विचारलं:
"बाहेर बर्फ पडतोय का अजून?"

मी चित्रं काढते. वाचणारे डॉक्टर वेगळे.
अकरा वर्षं हेच सांगत आलेय पेशंटला,
आणि स्वतःला.
पण अकरा वर्षांत डोळ्यांना अक्षरओळख होतेच.
कोपराच्या आतल्या बाजूला
जिथे काळी, सरळ, घट्ट रेघ हवी
तिथे परकराची जुनी नाडी होती,
धुऊन धुऊन विरलेली,
एका धाग्यावर अख्खा भार.

डाव्या हाताने झिप ओढत तो बाहेर आला.
"कसं दिसतंय?"
"डॉक्टर सांगतील."
बॅटरचे खांदे निरखावेत
तसा त्याने माझा चेहरा निरखला,
आणि पिचर ग्लव्हमध्ये बोटं लपवतो
तसा मी तो लपवला.

"तू हॉस्पिटलात असतेस," बर्नी आज म्हणाला,
"प्रूइटचं काही ऐकलंस?"
"नाही."
खोटं नव्हतं. ऐकलं काहीच नव्हतं.

विषय बदलावा म्हणून सांगितलं,
आमच्यात म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची.
"म्हणजे डॉलर किती?"
हिशेब करून सांगितला.
तो हिरमुसला.
"एवढ्यात बरा कॅचरसुद्धा येत नाही."

मग त्याने वही माझ्यापुढे सरकवली, पेन्सिलही.
"प्रूइट नसला तर. लिही तूच काहीतरी."
कॉफी निवत होती. छपराच्या कडेवरून
वितळलेलं पाणी एकसारखं ठिबकत होतं.
मी लिहिलं.
त्याने चष्मा कपाळावर चढवला, खाली आणला.
"हे काय?"
"आमचे आकडे."
"आणि ते मी वाचायचे कसे?"
"सप्टेंबरात सांगेन."

तो हसला, वही काखेत मारून
निसरड्या पायऱ्या जपून उतरला.
त्याचेही गुडघे बोलत होते.

मी दार लावलं
आणि हंगामाची दोन तिकिटं काढली,
एक त्याच्यासाठी.
तिसऱ्या बेसच्या बाजूची, खालची रांग.
तिथून पिचरचा उजवा हात नीट दिसतो.