इतर, असल्यास

मार्च आला की माझ्या टेबलावर
प्राध्यापकांचे आकडे येऊन पडतात.
नेरूळ, सेक्टर, प्लॉट, चौथा मजला, संशोधन कक्ष.
आमच्या शहरात पत्ताही आकड्यांचाच,
त्यामुळे मला सवय आहे.

प्लास्टिक सर्जरी विभाग: माणसं सहा.
एच-इंडेक्स म्हणजे काय, ते मला
सॉफ्टवेअर विकायला आलेल्या मुलाने दीड तास शिकवलं.
चार लेख, आणि त्या प्रत्येकाचा
इतरांनी निदान चारदा उल्लेख केलेला,
तर तुम्ही चार.
पाचव्याचा तीनदाच झाला,
तरी तुम्ही चारच.
जेवढं लांब तेवढंच रुंद.
मी म्हटलं, म्हणजे चौकोनी पोळी.
तो हसला नाही.

डॉ. सबनीस: एकतीस.
डॉ. निरुपमा खारपाटील: चार.

सबनीसांचं नाव विद्यार्थ्यांच्या लेखांवरही असतं,
लग्नपत्रिकेत न आलेले काकासुद्धा
‘आपले विनीत’ असतात, तसं.
पण एकतीस खोटे नाहीत.
मीच मोजलेत, दोनदा.

खारपाटीलबाईंचा फॉर्म दरवर्षी उशिरा.
यंदा ऑफिस सुटल्यावर मीच गेले मागायला, वॉर्डात.
खाट अकरा.
शिरवण्याच्या कारखान्यात प्रेसखाली
तीन बोटं गेलेला पोरगा, दिलशाद.
मुकादमाने बोटं आणली होती बर्फात घालून,
स्वतःच्या जेवणाच्या डब्यात.
आदली रात्र बाई मायक्रोस्कोपवर वाकलेल्या,
ज्याच्यापुढे पापणीचा केस दोरखंड वाटावा
अशा धाग्याने
रक्ताच्या नळ्या शिवत.

आता त्या त्याचं नख दाबत होत्या.
पांढरं.
सोडलं.
एक. दोन.
गुलाबी.

‘चार लागले तर रक्त पोचत नाहीये,’ त्या म्हणाल्या,
माझ्याकडे न बघता,
‘झटकन आलं तर परत जात नाहीये.
दोन हवेत.’
दर तासाला. भिंतीवर तक्ता.
त्याच्या खाली पेनाने काढलेलं कुणाचं तरी बदक.

पोराने विचारलं, मोबाईल चालवता येईल ना.
त्या म्हणाल्या, अंगठा आहे की.

तिसरं बोट काळपट दिसत होतं.
त्याचं नख त्यांनी दाबलं,
बराच वेळ पाहिलं,
आणि तक्त्यात काही लिहिलं नाही.
मग लिहिलं.

फॉर्म थिएटरच्या कपाटात होता.
दाराच्या आतून चिकटवलेलं एक पिवळं पान,
सबनीसांची जुनी आकृती:
मनगटाजवळची शीर काढून
उलटी फिरवून कशी जोडावी.
कडा हाताळून मऊ झालेल्या.
‘पहाटे तीनला हीच बघितली.
त्यांना सांगू नका, चढतील.’
किती वेळा बघितली असेल आजवर?
‘मोजलं नाही हो.’
आणि लेख? या दिलशादवर लिहिणार का?
‘दोन बोटं लिहीन. तिसरं कोण छापतं?’

उतरताना जिन्यावर माझ्या लक्षात आलं,
ही पहाट त्यांच्या चारात नाही,
हे ठीक.
पण ती सबनीसांच्या एकतीसातही नाही.

दुसऱ्या दिवशी फॉर्म भरायला घेतला.
प्रकाशनं: गेल्या वर्षीचीच.
अनुदान: निरंक.
पेटंट: निरंक.
शेवटी एक रकाना असतो, ‘इतर, असल्यास’.
दहा वर्षांत कुणी भरलेला मी पाहिला नाही.
तिथे बाईंच्या अक्षरात:
‘दोन सेकंद’.

सॉफ्टवेअर अक्षरं घेत नाही.
लाल चौकट आली: फक्त संख्या लिहा.
मी ‘सेकंद’ खोडलं.
२ टाकले.
हिरवं झालं.

खाली आपोआप बेरीज आली.
चार अधिक दोन, सहा.
बढतीला सात लागतात.

मी थोडा वेळ बसून राहिले,
आपला अंगठा आपल्याच नखावर दाबून,
सोडून.